देवांगचं कार्ड

कॅरी,
५ ऑगस्ट २००७

सौ. नंदावहिनी,

सप्रेम नमस्कार. रेडमंडचा उन्हाळा सुखाचा असतो असं अनन्या म्हणाली होती, तेव्हा लेकीकडे तुम्हाला आणि राजारामला जरा बरं वाटत असेल. इथे सकाळीच अंगाची लाही होते. तुमचं इथलं घर घेतलेल्या लोकांनी मागचं लाकडी डेक काढून टाकलं. कढीपत्त्याची कुंडी शुभाने आमच्याकडे आणली होती, ती छान फोफावली आहे. मंडळाच्या गणपतीची तयारी सुरू झालीय. आरतीला तबला कोण वाजवणार, असं सगळे विचारतात. राजारामला सांगा.

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी घरातच होतो. शुभाने फोन पुढे केला आणि मी हातानेच नको म्हटलं. हे पहिल्यांदा नाही. "ते बाहेर गेलेत हो," असं ती तुम्हाला म्हणाली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तुमचं बोलणं मी ऐकलं.

"भावजींना सांग, देवांगचे सगळ्यात आनंदाचे शनिवार त्यांच्याबरोबर गेले. मी त्यांना कधी थँक यू म्हटलंच नाही."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. म्हणून लिहितोय.

त्या शनिवारांना आम्ही काय करायचो ते तुम्हाला नीट माहीत नसेल. तुम्हाला वाटायचं, काका त्याला जुन्या वस्तूंच्या फ्ली मार्केटमध्ये फिरवून आणतात, डोनट खाऊ घालतात. आम्ही एका माणसाची फोटो छापलेली जुनी बेसबॉल कार्डं शोधत असू. होलिस ग्रेडी. डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर. दोनच सीझन खेळला आणि कोरियाच्या युद्धात मारला गेला. ओहायोत शिकत होतो तेव्हा माझ्या घरमालकाने मला बेसबॉल समजावलं आणि याचं एक जुनं कार्ड दिलं. तिथून वेड लागलं. शुभा कंटाळायची. मन लावून ऐकणारा देवांग एकटाच. खोक्यांतली जुनी कार्डं तो माझ्यापेक्षा भराभर चाळायचा.

एकदा गाडीत त्याने विचारलं, "काका, what if he didn't go?"

मी हसत म्हटलं, "युद्धावर गेला नसता तर त्याला आज कुत्र्यानेही विचारलं नसतं. गेला म्हणून तर आपण त्याला शोधतोय ना!"

तो तेव्हा दहा वर्षांचा असेल. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, झोप आली असेल.

त्याने कॉलेज सोडून सैन्यात, मरीन्समध्ये, नाव घातलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे येऊन रडला होतात. "हे कुठून शिरलं याच्या डोक्यात?" असं मला विचारलंत. मी म्हटलं, "आजकालची मुलं, वहिनी." राजाराम माझ्यासमोरच बसला होता.

आता गेल्या नोव्हेंबरचं लिहितो. देवांग गेल्याची बातमी घेऊन ते दोन लष्करी अधिकारी तुमच्या दारात येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तुमच्याकडे जमलो होतो. दहा वर्षांपूर्वीच्या फ्रॅन वादळात गॅरेजमध्ये पाणी शिरून तुमचे फोटोंचे खोके भिजले होते. तुम्ही प्रत्येकाला विचारत होतात, "कुणाकडे देवांगचा लहानपणीचा बेसबॉलच्या ड्रेसमधला फोटो आहे का? मला तो हॉलमध्ये ठेवायचाय." मी म्हटलं, "बघतो." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "नाही सापडला."

तो होता, वहिनी. देवांगच्या लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉल टीमचा फोटोग्राफर सीझनच्या शेवटी प्रत्येक मुलाचा फोटो बेसबॉल कार्डासारखा छापून देत असे. नऊ वर्षांच्या देवांगने त्याचं एक मला आणून दिलं होतं. "काका, put me in your album." मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि ते कार्ड टेबलाच्या खणात टाकलं. अल्बममध्ये खऱ्या खेळाडूंची कार्डं लावायची असतात, असं म्हणालो.

तुमच्याकडून घरी आलो आणि खण उघडला. कार्ड लगेच मिळालं. ते तुमच्याकडे आणायचं म्हणूनच काढलं होतं. पण ते वाकू नये म्हणून मी प्लास्टिकच्या कव्हरात घातलं, अल्बम उघडला आणि ग्रेडीच्या शेजारच्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं. अगदी सवयीने. ते तिथे बरोबर बसलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

लगेच बाहेर काढायला हवं होतं. पण कार्डाच्या पाठीमागे मुलांनी स्वतः सांगितलेली माहिती छापलेली असते. बाकीच्या पोरांनी आवडता खेळाडू म्हणून टीव्हीवर दिसणारी नावं दिली होती. देवांगच्या कार्डावर होलिस ग्रेडी आहे. तुम्ही ते वाचलं असतंत, हा कोण म्हणून विचारलं असतंत, आणि भरल्या घरात मला सांगावं लागलं असतं.

इतके महिने मी स्वतःला हेच कारण देत आलो. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. मला ते कार्ड द्यायचं नव्हतं. असलं दुसरं कुठे मिळणार नाही, हा विचार माझ्या मनात आला. तुम्ही पलीकडच्या गल्लीत मुलाचा एक फोटो शोधत होतात, आणि माझ्या मनात हे आलं.

शुभाला परवा सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नंदाने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं ना?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

कार्ड या पाकिटात आहे. कव्हर काढून ठेवलंय, म्हणजे तुम्हाला ते हातात धरता येईल. कोपरे दुमडले तर दुमडू देत. त्याची टोपी तिरकी आहे आणि समोरचा एक दात पडलेला आहे. बॅट धरायची पद्धतही चुकलीय, बरोबर कशी धरायची ते मी त्याला नंतर शिकवलं.

राजारामला हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला थँक यू मात्र म्हणू नका. रविवारी फोन केलात तर मी स्वतः उचलेन आणि तुमचं सगळं बोलून होईपर्यंत ठेवणार नाही. नाही केलात, तर तेही मला समजेल.

तुमचा भाऊ असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच

पुरुषोत्तम