दुसऱ्या खेपेचा नियम

केंब्रिज, रविवार दुपार

तीर्थरूप पुरुषोत्तमकाका,

कस्तुरीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे मनातल्या मनात). आम्ही इकडे सुखरूप. तुमचा जावई प्रणव मजेत आहे, कुंडीतल्या मेथीने एकदाचं डोकं वर काढलं, बाकी पाऊस आणि कौन्सिल टॅक्स नेमाने येतात. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे: ठणठणीत. होळीला फोनवर विचारलं आणि मदतीला कोणीतरी ठेवा म्हटलं, तेव्हाही ठणठणीतच होतात, आणि मागून आशाकाकूंचा आवाज येत होता की अहो, आधी कंबरेला बाम लावा. काकूंचा खुबा मोडून आता वर्ष होत आलं. त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ, स्वयंपाक, सगळं तुम्ही एकटे करता, आणि बाबांनी मदतीला पाठवलेल्या दोन्ही मावशांना चहा पाजून परत लावून दिलंत, हेही कळलं. मला काळजी वाटते, एवढं लिहून तो विषय बंद करते. (पत्र एवढ्यासाठी की फोनवर तुम्ही लगेच 'बरं, ठेवतो' म्हणता. पत्र खाली ठेवलं तरी बोलायचं थांबत नाही.)

मुख्य बातमी अशी की मी एका बेसबॉल टीमची मॅनेजर झाले आहे. हसू नका. प्रणव दर रविवारी इथल्या एका हौशी क्लबात खेळतो, आणि मी डबा घेऊन जायची आणि प्रश्न विचारायची. बॅट लाटण्यासारखी गोल, तर चेंडू सरळ जातो कसा? जिथून निघायचं तिथेच धापा टाकत परत यायचं, तर मुळात पळायचं कशाला? सगळ्यांच्या तोंडात सारखं काय असतं? (सूर्यफुलाच्या बिया. सालं तिथेच थुंकतात. आपल्याकडच्या थुंकण्यावरून केवढं बोलतात हे लोक.) माझ्या प्रश्नांना कंटाळून असेल, किंवा मला फेकणं, मारणं, पळणं यातलं काहीच जमत नाही म्हणून असेल, त्यांनी मलाच मॅनेजर केलं. आमच्या ऑफिसातही साधारण हीच पद्धत आहे.

या मॅनेजरचं खरं काम म्हणजे माणसाच्या हातातून चेंडू काढून घेणं. बेसबॉलमध्ये ओव्हर नसते. चेंडू टाकणारा एकच, त्याला पिचर म्हणतात, आणि तो हात गळेपर्यंत टाकत राहतो. तो दमला की मॅनेजरने मैदानात चालत जायचं, मातीच्या उंचवट्यावर चढायचं, चेंडू घ्यायचा आणि ताज्या दमाच्या माणसाला द्यायचा. तो रिलीफ पिचर. पण बाहेर गेलेल्याला त्या सामन्यात परत येता येत नाही. म्हणून कोणी सुखासुखी जात नाही. (तुम्ही बँकेच्या टीमकडून जेवणापासून चहापर्यंत एका टोकाने ऑफस्पिन टाकत राहिलात आणि कॅप्टनने चेंडू मागितला तेव्हा तो खिशात घातलात, ही गोष्ट बाबा अजून सांगतात.)

आमचा पिचर ग्रॅहम. धंद्याने प्लंबर, पन्नाशी उलटलेली, हा क्लब त्यानेच काढला. माझ्या पहिल्याच सामन्यात त्याचे चेंडू भरकटायला लागले, तेव्हा मी गेले आणि विचारलं, दमलास का? तो म्हणाला, 'नॉट टू बॅड.' आता या तीन शब्दांत इथली माणसं सर्दीपासून घटस्फोटापर्यंत सगळं बसवतात, त्यामुळे मी गोंधळून परत आले. मग विचार केला, की पहिला नकार कोण खरा धरतं? पानात दुसरा लाडू नको म्हणणाऱ्याला आपण तसंच उठू देतो का? आग्रह करायला हवा. म्हणून पुढचा फलंदाज आल्यावर मी पुन्हा गेले आणि फार प्रेमाने सांगितलं, की संकोच करू नकोस, खरं सांग. तिसऱ्या आग्रहाला तो मनातलं बोलेल, अशी माझी खात्री होती.

तिसरा आग्रह झालाच नाही. अंपायर आला आणि म्हणाला, मॅडम, एकाच इनिंगमध्ये एकाच पिचरकडे मॅनेजर दुसऱ्यांदा गेला, की त्या पिचरला बाहेर जावंच लागतं. नियम आहे. ग्रॅहम माझ्याकडे असा बघत राहिला की मला धरणी दुभंगली तर बरं वाटलं असतं. रिलीफ पिचर समर (दातांचा डॉक्टर, स्वभावाने गरीब) बाकावर बसून मी केलेले साबुदाणावडे खात होता. तो तसाच धावत आला. तेलकट हातातून पहिला चेंडू सुटला तो प्रेक्षकांत, दुसरा फलंदाजाच्या पाठीत. सामना गेला, आणि दोष वड्यांवर आला.

त्या संध्याकाळी आमची कॅचर ईरा माझ्याजवळ येऊन बसली. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून पिचरचा प्रत्येक चेंडू झेलणारी. वेम्बलीत जन्मलेली मुलगी, मराठी स्वतःच्या हिशेबाने बोलते. म्हणाली, "कस्तुरीताई, त्याला विचारून काय उपयोग? तो ऑब्व्हियसली फाइनच म्हणणार. मला विचार ना. बॉल तर माझ्याकडे येते." काका, इतकी साधी गोष्ट! चेंडू पूर्वी हातमोज्यात आपटायचा आणि आता नुसता येऊन टेकतो, हे टाकणाऱ्याला कळतच नाही, झेलणाऱ्याला कळतं.

गेल्या रविवारी शेवटचा सामना होता. हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. शेवटी शेवटी आम्ही एका रनने पुढे होतो. ईराने मान हलवली आणि मी निघाले. या वेळी काही विचारलं नाही, फक्त हात पुढे केला. ग्रॅहमने त्या हाताकडे बघितलं. मग त्यावर चेंडू ठेवला आणि निघून गेला. समर आला (डब्यात मुद्दाम कोरडे चुरमुरे नेले होते) आणि आम्ही कसेबसे जिंकलो.

नंतर ग्रॅहम खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता भांडणार. तो म्हणाला, "मी केव्हापासून वाट बघत होतो की कोणीतरी येईल. पण विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं." मला तिथेच रडू आलं. प्रणवला वाटलं, जिंकल्याचा आनंद. मला तुम्ही आठवला होतात.

असो. खेळाच्या नादात फार लिहिलं. काकूंना नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. उत्तर सवडीने लिहा, म्हणजे आधी सवड काढा.

तुमची,
कस्तुरी

ता.क. तुम्ही दूध आणायला जाता तेव्हा मी काकूंना फोन करते. (वाचताना इथे थांबू नका, त्यांना हे ठाऊकच आहे.) त्या म्हणाल्या, "मला उचलताना यांचे हात थरथरतात गं. मी पडेन याची नाही, हे पडतील याची भीती वाटते. आणि रोज मुगाची खिचडी, ती तरी किती दिवस?" मी कॅचरला विचारलं, काका.

ता.क. येत्या सोमवारी सकाळी सुनेत्रामावशी येतील. बाबांनी ठरवलंय. फक्त दुपारपर्यंत थांबतील. आपला खेळ क्रिकेटचा आहे, इथे एक स्पेल विश्रांती घेऊन परत चेंडू हातात घेता येतो. दुपारनंतर टोक तुमचंच. त्यांना तुमच्या तब्येतीबद्दल काहीही विचारू नका असं बजावलंय. त्या नुसता हात पुढे करतील.

ता.क. मावशींना चहा जरूर पाजा, पण परत पाठवू नका. होळीच्या फोनवर मी विचारलं होतं ती पहिली खेप. हे पत्र दुसरी.