तिच्या पाच विती

मंगळवार, संध्याकाळ

प्रज्ञाच्या लग्नाची पेटी चुकली. ती ऊर्जानगरला होणाऱ्या नवऱ्याची खोली पाहायला गेली, तेव्हा पेटीची जागा तिनं स्वतःच्या वितीनं मोजली. पाच विती, असा तिच्या घरून निरोप आला. मी माझ्या वितीनं सागवान कापलं. असं काऊन केलं? तिला कोणी काही बोललं म्हणून मी कॉलेजात मारामारी केली, शिक्षण सोडलं, आणि तिचा हात केवढा हेच मला माहीत नाही.

जोडून झाल्यावर बाबांनी पाहिलं. "कोणाची वीत घेतली बे? पोरीचा हात अन् तुहा पंजा सारखा असते का? जाय, मोजून आण."

तिच्या घरी गेलो. तिनं ओट्यावर हात पसरला, मी टेप धरला. सात इंच. माझी वीत नऊ.

"पेटी तूच करून राह्यला का?"

"हो."

"मंग मजबूत होईन," म्हणाली अन् हात काढून घेतला.

मला राग येईल वाटलं होतं, निदान रडू. काहीच आलं नाही. सात इंच, बस. घरी येऊन जोड उचकटले, लांबीच्या फळ्या दहा-दहा इंचांनी कापल्या.

आता पेटी ऊर्जानगरच्या त्या खोलीत बरोबर बसेल. ठेवायला मीच जाणार; बाबांना एकट्याला उचलत नाही.