काकांची पाच पावलं

स्पोलेतिउम
सातुर्नालियाच्या सणाला चार दिवस उरले

प्रिय नुमेरिउस,

तू खुशाल असशील तर बरं. मी खुशाल आहे. ऑलिव्हची तोडणी संपली, तेल चांगलं उतरलं. बाबांना जाऊन बावीस दिवस झाले. शेवटी त्रास झाला नाही.

तुझी अट वेळेत पोचली होती: बाबांच्या अंत्ययात्रेत काकांचा मुखवटा निघणार असेल, तरच मस्सिलियाहून येईन. मुखवटा निघाला नाही. का, ते लिहिणार आहे. आधी यात्रेचं ऐक.

कपाटातले पूर्वजांचे मेणाचे मुखवटे नटांनी चढवले आणि ज्याच्या त्याच्या हुद्द्याच्या पोशाखात सगळे रांगेनं निघाले. बाबा झाला होता हिलारुस नावाचा नट. त्यानं बाबांची मान तिरकी करून चालायची ढब अशी उचलली की चौकातली भाजीवाली ओरडली, "अगं बाई, म्हातारा उठून आला! आता पुन्हा माझे कोबी दाबून बघणार!" लोक हसले. मीही हसले.

आजोबा आणि बाबा यांच्यामध्ये पाच पावलं जागा मोकळी ठेवायला मी सांगितलं होतं. नगराधिकारी ओप्सिउस लगेच पुढे आला.

"बाई, ही जागा कुणाची?"

"दिसतंय ना, कुणीच नाही तिथं."

"तुमच्या काकांचा मुखवटा मिरवायला बंदी आहे."

"मग कुठं आहे मुखवटा? मोकळ्या जागेला बंदी असेल तर हुकूम वाचून दाखवा. मी थांबते. बाबांनाही आता घाई नाही."

तो हुकूम शोधायला माणूस धाडणार, एवढ्यात हिलारुस त्या मोकळ्या जागेकडे वळला. हात पुढे केला आणि बाबांच्या आवाजात म्हणाला, "दादा, जरा हळू चाल. माझे गुडघे राहिले नाहीत आता."

हे मी सांगितलं नव्हतं. मग मागून कुणीतरी काकांचं नाव घेतलं, मोठ्यानं. मग आणखी कुणी. बारा वर्षांत या गावात ते नाव उघड्यावर कुणी उच्चारलं नव्हतं. ओप्सिउस चपलेचा बंद बांधायला वाकला आणि यात्रा पुढे जाईपर्यंत वर आलाच नाही.

आता मुखवट्याचं.

काका सम्राटांचे द्रोही ठरले आणि सिनेटचा हुकूम आला, तेव्हा तू शिकायला नेआपोलिसला होतास आणि बाबा शेतावर होते. घरात मी एकटी. तीन घरं सोडून झडती चालू असल्याचं कळलं. मी कपाट उघडलं, काकांचा चेहरा काढला, पातेल्यात घातला आणि चुलीवर ठेवला. नाक सगळ्यात शेवटी विरघळलं. ते मेण मी वाया घालवलं नाही. मधाच्या बरण्यांची तोंडं त्यानं बंद केली. तू रागानं घर सोडलंस, तेव्हा तुझ्या शिदोरीत त्यातलीच एक बरणी होती.

झडतीला आपल्याकडे कुणी आलंच नाही. महिन्याभरानं मी हुकूम नीट वाचला. बंदी मुखवटा मिरवण्याची होती. घरात ठेवायला कुणाची हरकत नव्हती.

तू रिकामं कपाट पाहून विचारलंस, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "मी वितळवला." तू त्यांना भेकड म्हणालास. मी तिथंच उभी होते, हातात चमचा घेऊन. नंतर मी त्यांना म्हटलं, पत्र लिहून त्याला खरं सांगते. ते म्हणाले, "नको. माझ्यावर रागावला तर कधीतरी परत येईल. तुझ्यावर रागावला तर येणार नाही." त्यांचा अंदाज चुकला. मी मात्र बारा वर्षं त्या अंदाजाच्या आड बसून राहिले.

रडगाणं गात नाही; तसा माझा स्वभाव नाही. काम सांगते. नव्या मुखवट्यासाठी मेणकाराशी बोलले आहे. साचा उरलेला नाही, पण काकांचा जबडा आणि कपाळ घराण्यात फक्त तुझ्याकडे आहे. नाक मला पाठ आहे, ते मी सांगेन. फेब्रुवारीत पितरांचे दिवस येतील, त्याआधी ये. तोंडाला ओला गिलावा थापून अर्धा तास गप्प पडून राहायचं आहे. त्या अर्ध्या तासात मला जे बोलायचं ते मी बोलेन. नंतर पाळी तुझी. हवं तितकं ओरड.

ज्या माणसावर रागवायचं ते अजून जिवंत आहे. बाबांना आता मोकळं कर.

जिनं काकांना चुलीवर ठेवलं ती,
तुझी ताई वेत्तिया