भिंतीपलीकडची बांधी

१४ जुलै
तळघरातल्या अभ्यासिकेत पुन्हा ओल. वायरचा पाइप भिंतीतून आत येतो, त्याच्या भोवतीनं पाणी झिरपतंय. बरोबर खाली लाइटचा बोर्ड. ह्यांनी सिमेंट थापलं, हात झटकले. "झालं. एवढी कायले भेते?" मी भित्री, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

१६ जुलै
सिमेंट टिकलं. पाणी आता बोअरच्या पाइपाजवळून. भिंतीपलीकडे भासऱ्यांची, ह्यांच्या थोरल्या भावाची बांधी; धानाचं खाचर पाण्यानं काठोकाठ भरलेलं. धानाची रोवणी नुकतीच झाली.
मिस्त्री म्हणाला, "आतून कितीबी लिपा, मांगून पान्याचा जोर हाये. बाहेरून खोदून पाइपाभोवती भरा लागन. पयले बांधीतलं पानी खाली करा."
हे म्हणाले, "दादाले कोन सांगन? रोप आत्ता कुठी उभं झालं."

१७ जुलै
ह्यांनी सांगितलंच नाही. जाऊबाईंकडून निरोप धाडला. उत्तर आलं, "पाहू म्हन्ते."
मी बोलायचा प्रश्न नाही. लग्न झाल्यापासून भासऱ्यांशी शब्द नाही. ते आले की डोक्यावर पदर, आणि मी आत.
अभ्यासाला येणाऱ्या पोरींना म्हटलं, अभ्यासिका बंद. दिघोरीची अश्विनी रडकुंडीला. "काकू, पोलीस भरती तोंडावर हाये. खोलीवर आमी पाच जनी, कुठी बसू?"
ह्यांना दया आली. बोर्डावर प्लास्टिक बांधून चालू ठेवली. माझा जीव टांगणीला.

१९ जुलै
दुपारी खालून किंकाळी. अश्विनीचा हात बोअरच्या पाइपाला लागला, करंट. मागे फेकली गेली. मी वरचा कटआउट खेचला, पोरींना ओढत बाहेर काढलं. कोपर सुजलंय, दवाखान्यात दाखवलं, बाकी ठीक. देवा.
हे भंडाऱ्याला. फोन लागेना. मीच धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, धावले. पदराची शुद्ध नव्हती. भासरे बांधीत वाकलेले. त्यांना हाक काय मारायची तेही माहीत नाही. "अहो, पाणी सोडा! पोरगी मरता मरता वाचली!"
ते सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं, मग नजर खाली. फावडं घेतलं आणि धुरा फोडला.

२४ जुलै
मिस्त्रीनं बाहेरून खोदलं, दोन्ही पाइपांभोवती सिमेंटचा मसाला भरला, वरून डांबर. वायर नवी. आत कोरडं. मी येता-जाता भिंतीला हात लावते. पोरींना अजून बोलावलं नाही.
"टिकन ना?" मिस्त्रीला विचारलं.
"बांधीत पानी भरल्याबिगर कसं समजन, बाई?"
झोप उडाली.

२८ जुलै
पाऊस नाही. बांधीतला चिखल तडकला, रोपांचे शेंडे पिवळे. माझ्या एका ओरडण्याची ही किंमत, दुसऱ्याच्या पोटावर.
सकाळी जाऊबाई आल्या. "आमचे हे पुसून राहिले, तलावाचं पानी बांधीत घेऊ का?"
मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कपात पाहत बसले.
"त्यायले नाही," जाऊबाई म्हणाल्या. "तुलेच पुसा म्हनलं."
हो म्हटलं आणि मसाला सुटला तर? नाही म्हटलं तर धान गेलं. सांगते, एवढंच तोंडातून निघालं.
भासरे धुऱ्यावर उभे आहेत, फावडं खांद्यावर, आमच्या घराकडे पाठ करून. दारात अश्विनी, पुस्तकांची पिशवी घेऊन. विचारते, "काकू, आज बसू का खाली?"