मे महिन्याची मोकळी जागा

धानोरा,
२० जुलै

आदरणीय वच्छलाबाईस,
धाकट्या राजदीपचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत, जिवतीला कपाशी किती वर आली, तुझा चंदन वेळेवर जेवतो की नुसता मोबाईलकडे बघत बसतो, हे सगळे विचारायचे आहे. पण मे महिन्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. (पाकिटावर अक्षर तुझ्या भावजयीचे, साधनाचे आहे. तिच्यावर तुझा राग नाही, तेव्हा निदान फोडशील तरी.) आमच्याकडे धानाची रोवणी सुरू आहे, साधनाची कंबर दुखते, माझी साखर दोनशे ऐंशीवर गेली होती ती आता उतरू लागली आहे. मे महिन्यात भाऊजींच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आलो नाही, त्याबद्दल लिहायला बसलो आहे. पण एकदम तिथे पोचायची हिंमत होत नाही, म्हणून जरा फिरून येतो. माझी ही खोड तुला लहानपणापासून माहीत आहे.

झाले असे की जूनच्या शेवटी आम्हा ग्रामसेवकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. नागपूरहून सुनिल नावाचे एक सर आले होते. विषय होता अर्ध्या वर्षाचे आत्मपरीक्षण आणि पुढच्या सहा महिन्यांचे नियोजन, तेही चित्रातून. एकही शब्द लिहायचा नाही. (वीस वर्षे नुसते लिहिण्याचा पगार खाणाऱ्या चाळीस माणसांना हे सांगितल्यावर सभागृहात जी शांतता पसरली, ती मी ग्रामसभेत कधी अनुभवली नाही.) प्रत्येकाला एक मोठा कागद आणि चार स्केचपेन मिळाले. जानेवारी ते जून ही नदी समजा, जे चांगले झाले ते झाड, जी आपली माणसे ती घरे, ज्याची भीती वाटते तो प्राणी. मला नदी म्हणून आमच्या गावचा नालाच काढता येतो, तो काढला. भीती साखरेची होती, तिचा वाघ केला. वाघाचे तोंड बकरीसारखे झाले, पण पट्टे भरपूर ओढल्यामुळे शंका राहिली नाही. मे महिन्याच्या वळणावर मात्र माझा हात थांबला. तिथे मी काहीच काढले नाही. सरांनी विचारले, इथे काय? मी म्हटले, उन्हाळा.

कागद घरी आणून भिंतीला लावला. साधनाने चष्मा लावून पाहिला आणि विचारले, "मी कुठी आहो यातनी?" मी घाईत एका झाडावर बोट ठेवले. तिने त्या झाडाच्या फांद्या मोजल्या, दोनच निघाल्या, आणि त्या दिवशी भाजीत मीठ नव्हते. (डॉक्टरांनी साखर बंद केली होती, मिठाबद्दल ते काही बोलले नव्हते.) म्हणून दुसऱ्या दिवशी कागद पंचायतीत नेला आणि माझ्या खुर्चीमागे लावून टाकला. इथेच चुकलो.

तुला माहीतच आहे, इथल्या गावांनी जंगलावरच्या हक्कासाठी आपले नकाशे स्वतः काढले आहेत. आमच्या गावचा नकाशा दुरुस्तीला गेला होता आणि महिनाभर सगळे त्याची वाट पाहत होते. सोमवारी ग्रामसभेचे अध्यक्ष इसरूभाऊ आणि सात-आठ लोक दाखल्यासाठी आले, त्यांनी माझ्या मागे नाला पाहिला आणि नकाशा आला असे समजून भिंतीजवळ गोळा झाले. नाला बरोबर निघाला, कौतुक झाले. मग इसरूभाऊंनी वाघावर काठी टेकवली. "हा वाघ आपल्या नाल्यावर कवा आला जी?" मी म्हटले, मार्चमध्ये आला. (खरेच होते, रिपोर्ट मार्चचा होता.) ती माझी साखर आहे हे पुढे सांगणार, तोवर दोघे जण सायकल घेऊन गावात निघूनही गेले होते.

तीन दिवस एकही बाई सात्यांची अळिंबी गोळा करायला जंगलात गेली नाही. आणि सात्या निघतात त्या याच पंधरा दिवसांत, बाजारात मटणापेक्षा त्यांना भाव जास्त. वनरक्षक आला आणि मला सोबत घेऊन नाल्याच्या चिखलात पंजाचे ठसे शोधू लागला. मी त्याला दोनदा सांगितले की वाघ रक्तात आहे. त्याने माझ्याकडे असे पाहिले की तिसऱ्यांदा सांगितले नाही. शेवटी मला ग्रामसभा बोलावून माझा लघवीचा आणि रक्ताचा रिपोर्ट सर्वांसमोर वाचून दाखवावा लागला, आणि तो हात वर करून मंजूर झाला.

इथपर्यंत सगळे हसले, मीही हसलो. पण सभा उठताना बायनाबाई कागदापाशी थांबल्या. सत्तरीच्या आहेत, जंगलाचा पहिला नकाशा ज्यांनी सात दिवस पायी फिरून केला त्यांच्यापैकी एक. त्यांनी मे महिन्याच्या वळणावर तळहात ठेवला. "इथी काऊन मोकळं हाये?" मी म्हटले, तिथे काही नाही. त्या म्हणाल्या, असे होत नसते. त्यांनी पहिल्या वेळी एक जागा अशीच सोडली होती. दोन घरांचे तिथे भांडण झाले होते, एक माणूस गेला होता, त्याचा विषय कोणालाच काढायचा नव्हता. पाहणी झाली आणि ती जागा हद्दीबाहेर पडली. आज तिथे मोहाची अकरा झाडे आहेत आणि गावाला त्यांची फुले वेचता येत नाहीत. "मोकळी सोडली का ते आपली नाई राहात, बाबू."

बाई, मी तिथेच सगळे सांगितले. मागे थांबलेल्या सात-आठ परक्या माणसांना सांगितले, जे तुला सांगायला हवे होते. साहेबांनी रजा दिली नाही, असे मी चंदनला फोनवर बोललो, ते खोटे होते. मी रजा मागितलीच नव्हती. मी विसरलो होतो. त्या दुपारी मी कूलरसमोर झोपलो होतो आणि चंदनचा फोन आला, "मामा, कुठवर पोचले?" तेव्हा मला आठवले. शिवाय तो रविवार होता. रविवारची रजा कोणत्या साहेबाने नाकारली हे तू विचारले नाहीस. नुसता फोन घेणे बंद केलेस. तू विचारले असतेस, शिव्या दिल्या असत्यास, तर मला इतके लागले नसते.

ज्या माणसाने ब्रेक नसलेल्या सायकलवर मला डबलसीट बसवून जिवतीचा घाट उतरवला आणि भरतीच्या परीक्षेला वेळेवर पोचवले, ज्याच्या दोन्ही चपला त्या दिवशी रस्त्याला घासून फाटल्या, त्याच्यासाठी मी एक रविवार लक्षात ठेवू शकलो नाही. मला याची फार लाज वाटते. माझे ऐकून इसरूभाऊ एवढेच बोलले, "मंग दुसऱ्या दिवशी गेले काऊन नाई?"

पुढच्या सहा महिन्यांत मी जिवतीला येणार आहे. तू दार उघडशील की नाही हे चित्रात कसे दाखवायचे ते सुनिल सरांनी शिकवले नाही. चंदनला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ,
राजदीप

ता. क. साधनाने वाळवलेल्या सात्या पाठवल्या आहेत. त्या तिच्याकडून आहेत, तेव्हा परत करू नकोस.

ता. क. वाघाचे म्हणशील तर काल नाल्यावर खरेच ठसे मिळाले. आता माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

ता. क. पत्र खरे तर यासाठी लिहिले. मे महिन्याची जागा भरायला बसलो तेव्हा कळले की कार्यक्रमाचा रविवार आता मला ठाऊक आहे, पण भाऊजी गेले ती तारीख नाही. मी म्हणतो नऊ मे, साधना म्हणते अकरा. अंत्यविधीला मी हजर होतो, तरी. चंदनला विचारवत नाही. बाई, तेवढी तारीख मला कळव.