दोर मेव्हण्याच्या हाती

१४ ऑक्टो. २००२, कापडे
आज सुरुवात. खाडीच्या तोंडाशी एका लाँचच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडल्या. हवेची नळी तोंडात, कमरेला दोर. आखातात हेच काम साहेबाच्या शिव्या खात केलं, इथे साहेब मीच. दोर मेव्हण्याकडे, संजयकडे. तो दासगावचा, लाँचवाले त्याच्या ओळखीचे. आईचं आधीच ठरलेलं, "इहिरीत उतरनाऱ्याचा दोर मेव्हन्याकडंच द्यावा. भयनीच्या कुंकवासाठी तरी सोडनार नाय." एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ. भात लावणारा माणूस बोटीच्या बुडाशी गेला म्हणून गाव हसतंय. हसू दे.

२ नोव्हें.
काम जोरात. शिंपल्यांनी हात ओरबाडलेत. सं. एरवी बडबड्या, गिऱ्हाईक तोच जमवतो. पण दोर धरला की तोंड बंद, नजर पाण्यावर. असा माणूस नशिबाने मिळतो.

१९ नोव्हें.
गंमतच. इंजिन बिघडलेली एक लाँच दासगावला सं.च्या घरामागे नदीत पडून होती. आज तिच्याखाली गेलो तर बुडाच्या शिंपल्या मेलेल्या, हात लावला की गळतात. गोडं पाणी! खाऱ्यातला जीव गोड्यात मरतो. सं.ला म्हटलं, लाँचवाल्यांना हे कळलं तर सगळे लाँच इथेच आणून बांधतील, आपल्या पोटावर पाय.
"मी कशाला सांगू, भावजी? माझी भयन हाय तुमच्या घरात."
दोघेही हसलो.

११ डिसें.
काम नाही. लाँचवाले म्हणतात, पुढं बघू. सं. म्हणतो, थंडी आहे. थंडीचा नि बुडाचा काय संबंध?

२० डिसें.
न सांगता दासगावला गेलो. सं.च्या घरामागे ओळीने लाँच बांधलेल्या. सगळी आमचीच गिऱ्हाइकं. हा काठावर उभा राहून कुणाची कुठे बांधायची ते सांगतोय. मला बघून चपापला.
"शिमग्यापर्यंतच वो भावजी. मंग नदीत खारं पानी चढतं, तवा तुमचंच काम."
केसाने गळा कापला. चहा पुढे केला, तो तसाच ठेवून आलो.
घरी सुमनला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती तांदूळ निवडत राहिली. "भाऊ हाय वो माझा." एवढंच. त्याचा राग आला होता. हिचं मात्र मनाला लागलं.

५ जाने. २००३
निरोप आला. एका लाँचच्या पंख्यात जाळं अडकलंय, उद्या या. जायचं तर आहे, पण दोर कुणाकडे देऊ? शेजाऱ्याला विचारलं, तो पाण्यालाच घाबरतो. आई म्हणाली, "भांडान जमिनीवरचं. दोर त्यालाच दे." मी नाही बोलावणार.

६ जाने.
सं. आधीच लाँचवर हजर. सुमननेच कळवलं असणार. दोर त्याच्या अंगावर फेकला.
खाली सगळं गढूळ. जाळं कापता कापता थांबलो. गरज नसताना एक झटका दिला. लगेच वरून एक आला. पुन्हा दिला. पुन्हा लगेच एक. इतका संताप आला! इथे एवढा खरा, मग वर काय होतं रे तुला?
वर आलो. "भावजी, उद्या येऊ?"
कमरेची गाठ सोडली आणि एस.टी. पकडली. दोर त्याच्याच हातात राहिला.