तीन टाळ्यांची जागा

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
दुधाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा लिहिते.
कारण वरच्या मजल्यावरच्या जाईबाई. भाच्याची हळद पुढच्या महिन्यात, पण गाणं आत्तापासून. एकच गाणं, हल्ली प्रत्येक हळदीत वाजतं तेच. सहा दहाला सुरू. ढोल, बेंजो, आणि दर दुसऱ्या ओळीनंतर सगळे मिळून ओरडतात, ‘हो बाय हो!’ वर तीन टाळ्या. नेमकी माझ्या पूजेची वेळ. मुद्दाम.
संकल्प: ऐकायचंच नाही. देवाच्या वातींचा कापूस कानात घातला. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात म्हणे. घरात कापूस असताना विकत कशाला?

१९ नोव्हेंबर
कापसातूनही ढोल येतो. कुकरची शिट्टी मात्र ऐकू आली नाही. वरण लागलं. जाईबाईंमुळे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केली. सेक्रेटरी काळुराम म्हणाले, काकू, हळद आहे, चार दिवस चालायचंच. जाईबाई म्हणाल्या, वहिनी, तुमची आरती आम्ही अकरा वर्सं ऐकतो, कधी काय बोललो का? सगळे हसले. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारी मायासुद्धा.
मग मी तिथल्याच दत्ताच्या तसबिरीसमोर उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं: ते गाणं माझ्या तोंडून कधी आलं, तर मंडळातलं पुढचं आसन सोडीन आणि तिथे जाईबाईंना बसवीन. (त्या मंडळात मागच्या रांगेत बसतात. तीच जागा योग्य आहे.) त्यावर जाईबाई म्हणतात, बसंन की, पण ढोलकी लागंल.
अकरा वर्षं मी पुढे बसते. ढोलकी!

२६ नोव्हेंबर, मंगळवार. एकादशी
प्राची म्हणाली, आई, पोळ्या लाटताना तू वरचंच गाणं गुणगुणतेस. मी म्हटलं, स्तोत्र आहे. कार्टीने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. मोबाइलमध्ये आवाज बदलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळपर्यंत मोबाइल डाळीच्या डब्यामागे ठेवला.
उपासामुळे आवाज असा लागतो. बाकी काही नाही.

२९ नोव्हेंबर
मंडळाच्या तालमीत मायाने नसता विषय काढला, प्रत्येकीचं आवडतं गाणं कुठलं. एकेकीने सिनेमातली सांगितली, लाज नाही. मी म्हटलं, मला आवडनिवड नाही, मी फक्त देवाचं म्हणते. जाईबाई मागून म्हणाल्या, मग देवाला कुठचं आवडतं, वहिनी?
असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. घरी आल्यावर एक चांगलं सुचलं होतं, पण तोवर भाजी फोडणीला टाकली आणि विसरले.

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ७.१५
चमत्कार! कणीक मळताना दत्तगुरूंनी चाल दिली. वीस मिनिटांत औदुंबरावर नवं भजन तयार. दत्तजयंतीच्या स्पर्धेत हेच म्हणायचं. दर दुसऱ्या ओळीनंतर तीन मात्रा आपोआप रिकाम्या राहतात. ध्यानासाठी असणार. चाल डोक्यातून हटत नाही, साक्षात्काराची हीच खूण.
आणि ते वरचं गाणं डोक्यातून पूर्ण गेलं! जाईबाईंचं काही चाललं नाही शेवटी.

८ डिसेंबर, रविवार
मंडळाला भजन शिकवलं. एरवी पंधरा दिवस लागतात, आज एका दमात बसलं. मी दुसरी ओळ म्हणायच्या आधीच मायाची बोटं तिथे पोचली. कृपा, दुसरं काय!
जाईबाई पूर्ण वेळ तोंडाला पदर लावून होत्या. भाव दाटला असावा. शेवटी विचारलं, चाल कुठची? मी म्हटलं, वरून आली. त्या म्हणाल्या, हां, वरूनच आली. निदान एवढी तरी श्रद्धा आहे.
आमचे हे म्हणाले, आज पाय हलवत म्हणालीस, बरं वाटलं. यांना गाण्यातलं कळत नाही.

१५ डिसेंबर, रविवार
काल स्पर्धा झाली. विठ्ठलवाडीच्या बाजूचं दत्तमंदिर, मांडव भरलेला. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.
दुसरी ओळ संपली. तीन मात्रा. मी ध्यानासाठी डोळे मिटले.
अख्खा मांडव ओरडला, ‘हो बाय हो!’ आणि तीन टाळ्या.
वाटलं, मागे टवाळ पोरं बसली असतील. डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या वेळी पुजारीबुवांचा आवाज ओळखला. तिसऱ्या वेळी माया. मग डोळे उघडले. बायका फुगडी घालत होत्या. एक परीक्षक वहीवर ताल धरत होते.
ओरडत नव्हत्या फक्त जाईबाई. त्या माझ्याकडे बघत होत्या.
पहिला नंबर आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
येताना रिक्षात जाईबाई हळूच म्हणाल्या, वहिनी, मी कोणाला सांगणार नाय हां. मांडवात तीनशे माणसं होती.

१७ डिसेंबर
आसन घेऊन वर गेले. जाईबाई म्हणाल्या, ठेवा वो, मी गंमत केलेली. मी म्हटलं, देवासमोर बोललेलं मागे घेता येत नाही. वाटलं, आणखी दोनदा तरी नको म्हणतील. त्यांनी घेतलं. चहा दिला. साखर जास्त होती.

२२ डिसेंबर, रविवार
कोलशेतहून आमंत्रण आलंय. तेच भजन हवंय. जाईबाई पुढे, मी मागे टाळ घेऊन. मागून सगळ्यांवर लक्ष राहतं, खरं तर जबाबदारीची जागा हीच. तीन टाळ्या माझ्याकडे दिल्या आहेत. त्यावरच भजन उभं आहे.
‘हो बाय हो’ म्हणायला प्राचीला आणू, असं मी सुचवलं. पोरगी घरात बसूनच असते.
माया म्हणाली, नको काकू, ते पण तुम्हीच म्हणा. तुमचं चांगलं पाठ आहे.